काट्याचं पत्र

आमदाराच्या पत्राने काम होतं का, असं लोक मला अजून विचारतात. मी एका आमदाराची पत्रं दहा वर्षं टाइप केली, तेव्हा मला ठाऊक असणार असं त्यांना वाटतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. पत्राने होत नाही, पत्र कशाने टाचलंय त्यावर असतं. लोक हसतात. मी विनोद केलेला नसतो.

आमदारांचं नाव लिहीत नाही. आमच्या भागात लहानथोर सगळे त्यांना भाई म्हणत, मीही तेच म्हणते. तालुक्याचंही नाव नको. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचा तालुका, एवढं पुरे आहे.

भाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते नांदेडला. मॅट्रिक होऊन टायपिंग शिकत होते. आमच्या क्लासच्या वर, माडीवर, भाईंचं साप्ताहिक निघायचं. चार पानं, कागद महागला की दोन. भाईंचं अक्षर असं, की छापखान्यातले खिळे जुळवणारे त्याला हात लावायला तयार नसत. म्हणून भाई कागद घेऊन खाली यायचे, मी ते टाइप करून द्यायची आणि मग ते छापायला जायचे. बहात्तरचा दुष्काळ होता. भाई कधी सायकलने, कधी मालट्रकच्या टपावर बसून लोह्याकडे, धर्माबादकडे खडी फोडण्याच्या कामांवर फिरायचे आणि परत येऊन लिहायचे. एकदा टाइप करता करता मी म्हटलं, "भाई, या गावाला धान्य मिळालं म्हणता. चांगली बातमी आहे की."

"अर्धी आहे," ते म्हणाले. "कुणाला मिळालं ते सरकार सांगतं. कुणाचं काढून दिलं, ते आपण जाऊन विचारायचं. ते विचारलं नाही तर तो पत्रकार नव्हे, दवंडीवाला."

मला ते पटलं होतं. सतरा वर्षांच्या मुलीला काय, ठसक्यात सांगितलेलं सगळंच पटतं.

मग एक दिवस माडीला कुलूप लागलं. भाई जंगलात गेले, तेलंगणाच्या बाजूला, डाव्या टोळीत, असं कळलं. कुणी म्हणे त्यांच्याजवळ बंदूक आहे, कुणी म्हणे पत्रकं काढायचं यंत्र आहे. खूप वर्षांनी मी त्यांना विचारलं, नेमकं काय होतं? ते म्हणाले, "दोन्ही होतं. दोन्ही जडच होतं." याहून जास्त ते त्या दिवसांबद्दल कधी बोलले नाहीत. काही वर्षं जंगलात गेली, काही तुरुंगात. बाहेर आले आणि ज्या निवडणुकीला नाटक म्हणून त्यांनी माझ्याकडून कितीदा टाइप करून घेतलं होतं, त्याच निवडणुकीला उभे राहिले. निवडूनही आले. मला उलगडा झाला नाही. त्यांना झाला असेल असंही वाटत नाही.

तोवर माझं लग्न होऊन मी त्याच तालुक्याच्या गावी आले होते. एका सकाळी भाई आमच्या ओसरीवर हजर. सासूबाईंनी त्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि आत येऊन हळूच म्हणाल्या, "महानंदा, तो बंदूकवाला आलाय. चहा ठेवू का पोलिसाला बोलवू?"

"आता आमदार झालेत ते."

"मग चहा ठेव. साखर जरा जास्त टाक."

भाई म्हणाले, "माझं अक्षर वाचणारी तू एकटीच उरलीस. येतीस का?" मी गेले.

ऑफिस म्हणजे एसटी स्टँडच्या रस्त्यावरच्या दोन खोल्या. तिथे मला कळलं की भाई एकटे आलेले नाहीत, मागचे दोन भाईही बरोबर आहेत. पत्रकार भाई पत्र लिहायचे ते बातमीसारखं. 'महोदय' नाही, 'विषय' नाही, एकदम 'मंगळवारी सकाळी गावात गेलो तेव्हा हातपंपाचा दांडा गळून पडला होता' असं सुरू. शेवटच्या ओळीत साहेबाला एक चिमटा. मी वर विषय घालायची आणि खालचा चिमटा काढून टाकायची. जंगलातले भाई त्याहून अवघड. कागदावर तारीख घालायची नाही. काम झालं की कागद जाळायचा. प्रत्येक पत्राची एक नक्कल आपल्याकडे ठेवायची असते, तिला कचेरीत स्थळप्रत म्हणतात. मी ती कपाटात ठेवायची आणि भाई मागच्या अंगणात नेऊन काडी लावायचे. शेवटी मी दुसरा कार्बन घालून एक जास्तीची प्रत काढू लागले आणि घरी पिठाच्या डब्यामागे ठेवू लागले. फोनवर "कोण बोलतंय" विचारलं की भाई म्हणत, "ओळखीचा माणूस." आणि बसायचे ते कायम आतल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, रस्त्यावरून दिसणार नाही असं. लोक दारात उभे राहून विचारायचे, "ताई, आमदार हायेत का न्हाईत?" मी म्हणायची, "आहेत, कोपऱ्यात बघा."

बाहेरच्या माणसाला हा धंदा माहीत नसतो म्हणून सांगते. आमदाराकडे रोज माणसं येतात ती कायद्यासाठी नाही, चिठ्ठीसाठी. बदली, रेशनकार्ड, पोराची शाळा, पंप, दवाखान्यातली खाट. एक जण म्हशीचं दूध आटलं म्हणून पत्र मागायला आला होता, डॉक्टरला नाही, म्हैस विकणाऱ्याला. एकाची बायको माहेरी गेली होती, त्याला सासऱ्याच्या नावाने पत्र हवं होतं. भाईंनी दिलं. बायको आली. पुढच्या आठवड्यात ती बायको आली, नवऱ्याच्या नावाने पत्र मागायला. भाईंनी तेही दिलं. भाईंचं तत्त्व एकच होतं: जो येईल त्याला पत्र, आणि प्रत्येक पत्र सारखंच. हा जास्त जवळचा, तो कमी, असं नाही. मला वाटायचं, किती चांगलं. फक्त कचेरीतलं काम कुणाचंच होत नव्हतं.

त्याच सुमाराला उस्मानाबादेतून लातूर वेगळा निघून नवा जिल्हा झाला. मिरवणुका निघाल्या, पेढे वाटले. मग ट्रकमधून कागदांचे गठ्ठे आले. कागद आले, पण कोणता कागद कशासाठी हे ठाऊक असलेली माणसं काही आली, काही मागे राहिली. आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला.

या दोन्हींच्या मध्ये नाल्याची वाडी सापडली. वाडीची घरं नाल्याच्या अल्याड, पाण्याची विहीर पल्याड. घरं लातूर जिल्ह्यात, विहीर नांदेड जिल्ह्यात. जुन्या कचेरीत एक म्हातारा कारकून होता, त्याला हे ठाऊक होतं, तो दरवर्षी तोंडी सांगून काम करून घ्यायचा. तो उस्मानाबादेतच निवृत्त झाला. विहीर आटली तेव्हा वाडीचे लोक नांदेडला गेले. तिथे सांगितलं, विहीर आमची, आटली हेही खरं, पण पिणारी माणसं आमची नाहीत. लातूरला गेले. तिथे सांगितलं, माणसं आमची, पण आमच्या हद्दीत तुमची आटलेली विहीरच नाही, मग टंचाई कशी धरायची?

हे सगळं मला गयाबाईने सांगितलं. पन्नाशीची, उंच, रापलेली बाई. वाडीच्या वतीने तीच यायची, कारण बाप्ये कामाला बाहेर गेले होते आणि उरलेले, तिच्या शब्दांत, "बोलायला उभं केलं की टोपी चाचपत्यात".

"ताई," ती म्हणाली, "आमी तान्हेलो हाव, ह्ये कोन्या जिल्ह्यात खरं मानत्यात तेवढं सांगा. तिकडं जाऊन राहतो."

मी पत्र केलं, अर्ज मागे लावला, टाचणी मारली, भाईंनी सही केली. पंधरा दिवसांनी गयाबाई परत आली. दुसरं पत्र दिलं. पुन्हा परत आली. बाया तीन कोसांवरून पाणी आणत होत्या. तिच्या सुनेला चौथा महिना होता. हे तिने रडून नाही सांगितलं, हिशेबात धरावं म्हणून सांगितलं. "तिसऱ्या बारीला पत्र नको," ती म्हणाली, "त्या कागदावर पोरगं पुसायलाबी येत न्हाई."

मला राग आला तो तिचा नाही, पत्राचा.

त्या उन्हाळ्यात आमच्या टाचण्या संपल्या आणि गावच्या दुकानात मिळेनात. भाई शिवारात गेले होते, येताना बाभळीचे काटे घेऊन आले. लांब, पांढरे, सरळसोट. "आम्ही तिकडे हेच वापरायचो," ते म्हणाले, "टाचणीपेक्षा बरं. गंजत नाही." मी ते एका रिकाम्या डबीत घातले आणि सोमवारच्या टपालातली दहाएक पत्रं काट्याने टाचून जिल्ह्याच्या कचेरीत पाठवली. मंगळवारी दुकानात टाचण्या आल्या, मी पुन्हा टाचण्यांवर गेले.

दहाच्या दहा कामं झाली.

मला वाटलं, योगायोग. लोकांना तसं वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात एक जण येऊन म्हणाला, "ताई, ते तसलं पत्र द्या की, काट्याचं."

मी चौकशीला जिल्ह्याच्या गावी गेले. कचेरी कोणती ते सांगत नाही, तेव्हा टंचाईचे कागद चार ठिकाणी फिरायचे. तिथे कादरीसाहेब म्हणून अव्वल कारकून होते. कमरेत वाकलेले, चष्म्याला दोरी, माणूस सभ्य. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि उलट मलाच विचारलं, "ताई, एक बात पुसू का? तुमच्या साहेबानं खूण सांगायला इतका टाइम का लावला?"

"कसली खूण?"

ते गालात हसले. त्यांना वाटलं, मी पक्की आहे. "बघा, आमदार सगळ्यांना पत्र देतो. द्यावंच लागतं, वोटर हाय. पण सगळ्यांचं काम करा असं त्याला म्हणायचं नसतं. मग खूण ठेवतो. एक साहेब हिरव्या शाईनं सही करत्यात ती खरी, निळी म्हंजे नुसती ठेवून द्या. एकाच्या सहीखाली ठिपका. एक जण 'त्वरित' लिहितो ते सोडून द्यायचं, 'कृपया' लिहितो ते करायचं. बत्तीस साल झाले, ह्येच बघून राहिलो. तुमचे भाई आले तर सगळी पत्रं एकसारखी. आम्ही म्हटलं, जंगलातला आदमी, खूण लपवून ठेवली असंल. उजेडात धरून बघितली पत्रं. कागदाची घडी बघितली. काय सापडंना. मग कशाला हात लावायचा? सगळी ठेवून दिली. अन् मग एक रोज काटा आला." त्यांनी दोन्ही हात पसरले. "मी तहसीलवाल्यांना बोललो, बघा, आखिर सांगितलंच."

मी चहा प्यायले. टाचण्या संपल्या होत्या, असं सांगायला तोंड उघडलं होतं. सांगितलं नाही.

बाहेर येऊन एसटीत बसले. सगळ्यांना सारखं पत्र द्यायचं म्हणून भाईंनी जी खूण ठेवली नाही, तिच्यापायी दीड वर्ष कुणालाच काही मिळालं नव्हतं. आणि दुकानात टाचणी नव्हती म्हणून दहा जणांना मिळालं. यात बरोबर कुठे आणि चूक कुठे, मी पार आमच्या स्टँडपर्यंत विचार केला. चढताना जेवढं कळत होतं तेवढंच उतरताना कळत होतं. एक मात्र नक्की ठाऊक होतं: डबीत अजून काटे आहेत.

पुढचं मी अभिमानाने सांगत नाही, पण लपवतही नाही. मी काटे वाटू लागले. भाई सह्या करायचे, टाचायचं काम माझं. ज्याचं खरंच अडलंय त्याला काटा, बाकीच्यांना टाचणी. दवाखान्याला काटा, बदलीला टाचणी. विधवेला काटा, कंत्राटदाराला टाचणी. माळावरच्या वस्तीतून सोजर नावाची एक तरणी बाई आली होती, वस्तीवर पाण्याचा थेंब नव्हता. तिच्या पत्राला मी काटा लावला. आठ दिवसांत त्यांचा टँकर सुरू झाला. मला दोन महिने फार छान झोप लागत होती. लोकांनी निवडून दिलं होतं भाईंना आणि राज्य मी करत होते, एका डबीतून.

नाल्याच्या वाडीच्या पत्राला काटा लावायचा राहिला, कारण गयाबाई रुसून बसली होती, आलीच नाही. शेवटी मीच निरोप धाडला. ती आली त्याच दिवशी नेमकं बिंग फुटलं.

बाहेर गर्दी होती. गयाबाई माझ्या टेबलाशी उभी. तेवढ्यात एक शेतकरी आत भाईंसमोर जाऊन म्हणाला, "भाई, मागच्या बारीला तुमच्या ताईनं टाचणीचं दिलतं, काम झालं न्हाई. आता काट्याचं द्या म्हना."

भाई आधी हसले. मग हसायचे थांबले आणि मला आत बोलावलं. मी सगळं सांगितलं. दुकानातल्या टाचण्यांपासून कादरीसाहेबांपर्यंत. ते भिंतीला पाठ लावून ऐकत होते.

"म्हणजे कुणाला पाणी मिळावं, ते तू ठरवतीस?"

"तुम्ही ठरवत नाही म्हणून."

"मी कोण ठरवणार? सगळ्यांचा हक्क सारखा आहे."

"हक्क सारखा आहे, भाई. टँकर सारखे नाहीत."

ते उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. मला वाटलं, काढून टाकतात. पण मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. पूर्वी माडीवर अग्रलेखाचं शेवटचं वाक्य सुचलं की असाच उजळायचा. "काट्याने काम होतं ना?" ते म्हणाले. "मग उद्यापासून सगळ्यांना काटा."

"सगळ्यांना दिला म्हणजे कुणालाच दिला नाही."

"असू दे. निदान अन्याय तरी होणार नाही."

दारातून गयाबाई हे ऐकत होती. ती म्हणाली, "अन्याव न्हाई झाला तर पानी येतं का, भाई?"

दुसऱ्या दिवशी भाई पोतंभर काटे घेऊन आले. आम्ही सगळ्यांना काटा लावला. म्हशीला काटा, बदलीला काटा, कंत्राटदारालाही काटा. गयाबाईचंही पत्र त्यातच गेलं. तीन आठवडे कुठूनही काही हललं नाही. गयाबाई येऊन पायरीवर बसायची, काही मागायची नाही. एकदा विचारलं, सून कशी आहे? म्हणाली, "हाय. घागर उचलू देत न्हाई तिला. माजी मी उचलते, तिची मी उचलते."

मी पुन्हा एक पत्र टाइप केलं. भाईंची सही घेतली. ते काट्यासाठी डबी पुढे सरकवायला लागले, मी म्हटलं, लावते नंतर. पत्र आणि मागचा अर्ज सुटेच पिशवीत घातले आणि लातूरची गाडी धरली.

कादरीसाहेबांच्या टेबलावर आमच्या पत्रांचा ढीग होता, साळिंदरासारखा. त्यांनी मला बोटं दाखवली. "ह्ये काय केलं ताई? हात फुटले आमचे. आता खरं कोणतं समजायचं?"

कचेरीत कागदांच्या फायली शिवायला दाभण आणि दोरा असतो, तो त्यांच्या टेबलावर होता. मी पिशवीतून गयाबाईचं पत्र आणि अर्ज काढला, दाभणात दोरा ओवला आणि त्यांच्यासमोर बसून कागदाच्या कोपऱ्याला दोन टाके घातले. गाठ मारली. दोरा दातांनी तोडला. मग पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी टाके बघितले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "समजलं," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नाल्याच्या वाडीत टँकर उभा राहिला. गयाबाई मुद्दाम सांगायला आली. हातात कापडात बांधलेली मूठभर हुरड्याची ज्वारी होती, कुठून जपून ठेवली होती कोण जाणे. "डायवर इचारत होता," ती म्हणाली, "ही वाडी कोन्या जिल्ह्यात येती? मी म्हटलं, बाबा, आदी नळी सोड, मग सांगते." ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. मीही हसले. भाई आत होते, त्यांना मी सांगितलं की नाल्याच्या वाडीला पाणी मिळालं. ते म्हणाले, "वा. म्हणजे काट्याचा उपयोग झाला." मी टाइपरायटरला पुढचा कागद चढवला.

चार दिवसांनी सोजर आली. माळावरच्या वस्तीची. तिच्या कडेवर पोर होतं आणि हातात एक कागद, घडी पडून मऊ झालेला. ती मी तिला दिलेल्या पत्राची पोच होती. तिने तो टेबलावर पसरला.

"ताई, आमचा टँकर यायचा बंद झालाय," ती म्हणाली. "चार रोज झाले. डायवर दुसऱ्या वाडीला जातोय म्हन्तात, नाल्यापाशी कुठं. तुमी तर काटा लावला होता न्हवं? का पत्रातला काटा गळून पडला?"

तिने ते सरळ विचारलं होतं. टोमणा नव्हता. कागद नीट टाचला नसेल तर काटा पडू शकतो, आणि पडला असेल तर पुन्हा लावून मिळेल, एवढंच तिच्या मनात होतं.

टँकर मोजकेच होते, हे मला माहीत होतं. नव्या जिल्ह्यात तर अगदीच मोजके. दोन टाके घालताना तो टँकर कुठून येणार हा प्रश्न मला पडला नव्हता, असं मी म्हणू शकते. पण ते खरं नाही. पडला होता. एक क्षणभर, दोरा तोडताना. मी तो बाजूला ठेवला, कारण गयाबाईची सून मी डोळ्यांसमोर आणली होती आणि सोजरचं पोर आणलं नव्हतं.

मी भाईंना बाहेर बोलावलं आणि सोजरसमोरच सांगितलं. दाभण, दोरा, कादरीसाहेब, सगळं. मला वाटलं, आता मोठं भाषण होईल. माडीवरचं, नाहीतर जंगलातलं. भाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सोजरच्या पोराकडे बघत होते. मग खुंटीवरची शबनम पिशवी काढून खांद्याला लावली.

"चल बाई," ते सोजरला म्हणाले. "आपण दोघं जाऊ लातूरला."

"माज्याजवळ तिकिटापुरतं न्हाई."

"माझ्याजवळ आहे. पोराला धर, ऊन लागेल."

ती दोघं एसटीने गेली. मी दिवसभर टाइप करत बसले. काय टाइप केलं आठवत नाही. त्या दिवशी आलेल्या लोकांना मी टाचणी लावली की काटा, तेही आठवत नाही. मला राहून राहून वाटत होतं की भाई तिथे जाऊन काहीतरी असं करतील जे मला सुचलं नाही. शेवटी त्यांनी आयुष्यात दोनदा सगळं सोडून नवं धरलं होतं, मी फक्त टाचण्या बदलल्या होत्या. टँकरच वाढवून आणतील. कचेरीच्या पायरीवर उपोषणाला बसतील. निदान साप्ताहिकात लिहायचे तसं काहीतरी लिहून सगळ्यांची झोप उडवतील.

दिवेलागणीला भाई परतले. सोजरला तिच्या फाट्यावर उतरवून आले होते. तोंड धुळीने माखलेलं. मी पाणी दिलं. ते उभ्यानेच प्यायले.

"काय झालं?"

"मिळाला टँकर. उद्यापासून जाईल माळावर."

"आणि नाल्याची वाडी?"

"त्यांचाही राहील. ते मी आधीच बोलून घेतलं."

"मग नवा टँकर मिळाला?"

"नवा नाही." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मी त्या कादरीच्या समोर तीन तास बसलो, महानंदा. ते पोर सारखं रडत होतं. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे भाई, तुम्ही खुद्द आलात, याच्यावर खूण काय पाहिजे. यादी काढली, एका नावावर रेघ मारली आणि तिथे माळावरची वस्ती लिहिली."

"कुणाच्या नावावर रेघ मारली?"

बाहेर स्टँडवर शेवटच्या गाडीचा पुकारा चालला होता.

"विचारलं नाही," ते म्हणाले.

मी खोल्यांना कुलूप लावलं. ते त्यांच्या रस्त्याने गेले, मी माझ्या.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा तासभर आधी आले. भाई माझ्याही आधी आलेले होते. किल्ली नव्हती म्हणून बाहेरच्या पायरीवर बसले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे, तोंड रस्त्याकडे करून. मी दार उघडलं, पण आत न जाता त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. सकाळची पहिली गाडी स्टँडवर लागली. तिच्यातून डोक्यावर पदर घेतलेल्या सहा-सात बाया उतरल्या, रस्ता विचारायला थांबल्या, आणि त्यांतली कोणती आमच्याकडे वळते ते आम्ही बघत बसलो.